आधी गाठ की आधी फुगा?

फुप्फुसाच्या कर्करोगासाठी सीटी स्कॅन काढावा आणि अहवालाच्या तळाशी ‘महारोहिणी फुगली आहे’ अशी एक ओळ निघावी, असं आम्हा डॉक्टरांना अधूनमधून दिसतं. हा निव्वळ योगायोग नव्हे. दोन्ही आजारांचं मूळ बहुधा एकच असतं : वर्षानुवर्षांची विडी-सिगारेट.

महारोहिणी ही शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी. पोटात तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते. ती ३ सेंटिमीटर झाली की आम्ही फुगा आला असं म्हणतो. हा फुगा सहसा दुखत नाही. पण फुटला, तर अनेक रुग्ण इस्पितळापर्यंत पोचतही नाहीत.

अशा वेळी नातेवाईक म्हणतात, ‘‘डॉक्टर, दोन्ही एकदमच उरकून टाका ना!’’ पण धुरानं थकलेलं हृदय आणि फुप्फुसं एकाच वेळी दोन मोठ्या शस्त्रक्रिया सहजी सोसत नाहीत. म्हणून मी आधी दोन गोष्टी पाहतो : फुगा केवढा आहे आणि कर्करोग कुठवर गेला आहे.

पुरुषांत साडेपाच आणि स्त्रियांत साधारण पाच सेंटिमीटरपेक्षा लहान फुगा बहुधा थांबू शकतो. त्यावर सोनोग्राफीनं लक्ष ठेवायचं आणि कर्करोगाचे उपचार सुरू करायचे. फुगा मोठा आणि गाठ काढता येण्याजोगी असेल, तर बहुतेक वेळा फुगा आधी. मात्र पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेतून सावरायला कित्येक आठवडे लागतात आणि कर्करोग तेवढा थांबत नाही. इथं अर्जेंटिनाचे शल्यविशारद हुआन परोदी यांनी १९९० साली वापरलेली पद्धत कामी येते. जांघेतल्या रक्तवाहिनीतून घडी घातलेली कापडी नळी आत नेऊन फुग्याच्या जागी उघडतात. रुग्ण काही दिवसांत घरी जातो आणि गाठीची शस्त्रक्रिया फारशी लांबत नाही.

कर्करोग सर्वत्र पसरला असेल, तर फुग्याला हात न लावणंच अनेकदा शहाणपणाचं ठरतं. हे रुग्णापासून लपवू नये. निर्णय त्याच्याशी बोलूनच व्हावा.

दोन डॉक्टरांकडे उपचार चालू असतील, तर दोघांनाही सगळे कागद दाखवा. पोटात किंवा पाठीत अचानक असह्य कळ आली, घेरी आली, तर सकाळची वाट पाहू नका. आणि पासष्टी ओलांडलेल्या, कधीकाळी धूम्रपान केलेल्या पुरुषांनी एकदा तरी पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. तिला सुईसुद्धा टोचावी लागत नाही.