अतिवाहक विद्युत्‌यंत्रे आणि वेगाचा प्रश्न

बीड जिल्ह्यात धर्मापुरीच्या परिसरातील परळी वैजनाथ येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथील २५० मेगावॅट जनित्राचा घूर्णक, म्हणजे फिरता भाग, मिनिटाला ३,००० फेरे घेतो. द्विध्रुवी यंत्रातून सेकंदास ५० आवर्तनांची वीज मिळवावयाची तर हा वेग अपरिहार्य होय. या वेगाने फिरताना अक्षापासून अर्धा मीटर अंतरावरील १ किलोग्रॅम तांब्यावर सुमारे ५ टन वजनाइतकी केंद्रोत्सारी प्रेरणा येते, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अतिवेगी यंत्रांत अतिवाहक तार वापरण्यातील मुख्य अडचण हीच आहे.

अतिवाहकतेचा शोध कॅमरलिंग ऑनेस यांनी १९११ मध्ये पाऱ्यावरील प्रयोगांत लावला. अतिवाहक गुंडाळीतून एकदिश प्रवाह रोधाविना वाहतो. त्यामुळे तांब्याच्या गुंडाळीपेक्षा पुष्कळच प्रबळ चुंबकीय क्षेत्र निर्माण करता येते व यंत्राचा आकार कमी होतो. प्रत्यावर्ती प्रवाहामुळे मात्र अतिवाहकातही ऊर्जाव्यय होतो, आणि तो आवर्तनसंख्येबरोबर वाढतो. म्हणून बहुधा क्षेत्रगुंडाळीच तेवढी अतिवाहक ठेवतात.

नेहमीच्या रचनेत ही क्षेत्रगुंडाळी घूर्णकावर असते. तेव्हा द्रवरूप हेलियम फिरत्या भागात पोहोचविणे, निर्वात आवरण टिकविणे आणि गुंडाळी तसूभरही सरकू न देणे, ही तिन्ही कामे एकाच वेळी साधावी लागतात. तार किंचित सरकली तरी घर्षणाच्या उष्णतेने तिची अतिवाहकता नष्ट होऊ शकते. असे असूनही जपानमध्ये १९९७ साली नायोबियम-टिटॅनियम तारेच्या जनित्राने ७९ मेगावॅट शक्ती दिली. त्याचा वेग मात्र मिनिटाला ३,६०० फेरे इतकाच होता.

याहून बराच अधिक वेग हवा असल्यास गुंडाळी स्थिर ठेवणे हाच सरळ उपाय ठरतो. समध्रुवी प्रेरक जनित्रात घूर्णक भरीव पोलादाचा असून त्याच्या दोन्ही टोकांना दातेरी ध्रुव असतात. एका टोकाचे ध्रुव दुसऱ्या टोकाच्या खाचांसमोर येतात. भोवतालची स्थिर अतिवाहक गुंडाळी घूर्णकाला अक्षाच्या दिशेने चुंबकित करते. ध्रुव फिरू लागले की तांब्याच्या स्थिर संवाहकांत विद्युत्‌दाब उत्पन्न होतो. केंद्रोत्सारी प्रेरणा केवळ पोलादावर येते; थंड भाग निश्चल राहतो. जनरल इलेक्ट्रिकने २००७ च्या सुमारास या पद्धतीचे विमानोपयोगी जनित्र मिनिटाला १०,००० हून अधिक फेऱ्यांनी चालवून १.३ मेगावॅट शक्ती मिळविली.

या रचनेलाही मोल द्यावे लागते. प्रत्येक टोकाशी चुंबकीय अभिवाह एकाच दिशेत कमीजास्त होतो, पूर्णपणे उलटत नाही. शिवाय पोलाद संपृक्त झाल्यावर क्षेत्र फारसे वाढत नाही. म्हणजे अतिवाहकाच्या सामर्थ्याचा काही अंश सोडून वेग मिळवावा लागतो.

शीतकरणाचा हिशेबही दुर्लक्षिण्याजोगा नाही. ३०० केल्व्हिनच्या परिसरात राहून ४.२ केल्व्हिनवरील १ वॅट उष्णता बाहेर काढण्यास सैद्धांतिक किमान ७० वॅट लागतात, ७७ केल्व्हिनवर सुमारे ३. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणी याच्या कित्येक पट. तात्पर्य, चलित्र असो वा जनित्र, अतिवाहक कोणता याबरोबरच तो फिरवावयाचा की स्थिर ठेवावयाचा, हा निर्णय अभिकल्पाच्या आरंभीच घ्यावा लागतो.