आस्त्रोनोमिया : एक शब्द, दोन विद्या

ॲस्ट्रॉनॉमी म्हणजे विज्ञान आणि ॲस्ट्रॉलॉजी म्हणजे भविष्यकथन, हा भेद आज शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. हे दोन्ही शब्द ज्या ग्रीक भाषेतून आले, तिथे मात्र तो इतका स्पष्ट नव्हता.

‘आस्त्रोनोमिया’तले ‘आस्त्रोन’ म्हणजे तारा किंवा तारकासमूह. वेदातला ‘स्तृ’ आणि फारसीतून आपल्याकडे आलेला ‘सितारा’ हे त्याचे भाऊबंद. दुसरे पद ‘नोमोस’. त्याचा अर्थ सहसा ‘नियम’ असा सांगतात; पण ज्या ‘नेमेइन’ धातूवरून तो आला, त्याचा अर्थ वाटणे, ज्याचा वाटा त्याला नेमून देणे. ‘ओइकोनोमिया’ म्हणजे घराचे कायदे नव्हेत, घराचा कारभार. त्याच चालीवर आस्त्रोनोमिया म्हणजे कोणता तारा कुठे आणि केव्हा, याची व्यवस्था लावणे.

हे काम शब्दाहून जुने आहे. कृत्तिका उगवल्या की कापणी, मावळल्या की नांगरणी, असे हेसिओड शेतकऱ्याला सांगतो. शब्द रुळलेला दिसतो तो अथेन्समध्ये. इ.स.पू. 423 मध्ये प्रथम सादर झालेल्या, पुढे सुधारलेल्या ‘मेघ’ या नाटकात अरिस्टोफेनिसने सॉक्रेटिसच्या काल्पनिक शाळेची टर उडवली. तिथला विद्यार्थी पाहुण्याला एक वस्तू दाखवून म्हणतो, ही आस्त्रोनोमिया. टर उडवायची तर प्रेक्षकांना शब्द ठाऊक हवाच.

प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये ही विद्या राज्यकर्त्यांच्या अभ्यासक्रमात घातली. त्याचाच शिष्य ॲरिस्टॉटल तिला ‘आस्त्रोलोगिया’ म्हणतो. उलट इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला टॉलेमी आपल्या फलज्योतिषाच्या ग्रंथारंभी ग्रहगती आणि त्यांची फळे या दोन्हींचे ज्ञान आस्त्रोनोमियाच्याच पोटात घालतो.

आपल्या ‘ज्योतिष’ शब्दाचेही तेच. सिद्धान्त, संहिता, होरा हे त्याचे तीन स्कंध. त्यांतला ‘होरा’ आणि गणितातले ‘केंद्र’ हे मूळचे ग्रीक शब्द. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 मध्ये गणिताचा सखोल इतिहास मांडला, तोही ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या नावाखाली.

म्हणून ‘ज्योतिष प्राचीन आहे, तेव्हा भविष्यही शास्त्रच’ हा युक्तिवाद टिकत नाही. आणि ‘ज्योतिष’ हे नाव पाहून जुने गणित अडगळीत टाकणेही न्याय्य नाही. एका छपराखाली राहिलेल्या दोन विद्यांची पारख नावावरून होत नाही. ग्रहणाची वेळ आकाशाशी ताडून पाहता येते. पारख तिथे होते.