खुर्चीच्या संगणकाची चावी कुणाकडे?

शहापूर तालुक्यात खर्डीपासून आत पाड्यांकडे वळलं की डांबर संपतं आणि खडी लागते. पावसाळ्यात खडीचा चिखल होतो. मुरबाडहून माळशेजच्या दिशेला चढ-उतार आणखी वाढतात. अशा वाटेवर बॅटरीची व्हीलचेअर नीट चालावी, तर मोटर दणकट हवीच. पण त्याहून जास्त भिस्त असते ती जॉयस्टिकशी जोडलेल्या कंट्रोलरवर. तो एक लहानसा संगणक आहे आणि माणसाचं अख्खं वजन त्याच्या आकड्यांवर चालतं.

जॉयस्टिकच्या दांडीखाली सहसा चुंबक असतो. दांडी किती कलली, हे हॉल सेन्सर मोजतात. चांगल्या खुर्चीत हे मोजमाप दोनदा होतं. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर कंट्रोलर खुर्ची थांबवतो. बॅटऱ्या साधारणपणे दोन, प्रत्येकी 12 व्होल्टच्या. त्यांची वीज डाव्या-उजव्या मोटरला किती द्यायची, हे कंट्रोलर क्षणोक्षणी ठरवतो. दोन चाकांच्या वेगातला फरक म्हणजेच वळण. ब्रेकची रचना तर फार शहाणपणाची आहे. वीज मिळाली तरच तो सुटतो, वीज गेली की आपोआप लागतो. प्रोग्रॅम मध्येच अडकला, तर ‘वॉचडॉग’ नावाचं स्वतंत्र घड्याळ ते ओळखतं आणि यंत्रणा सुरक्षित स्थितीत आणतं.

आता प्रोग्रॅमिंग. कमाल वेग, वळतानाचा वेग, वेग किती झपाट्यानं वाढावा, किती झपाट्यानं उतरावा, हात थरथरत असेल तर ती थरथर किती दाबावी, असे अनेक आकडे त्यात भरता येतात. त्यातला एक आकडा आपल्याकडच्या रस्त्यांसाठी कळीचा आहे: भाराची भरपाई. चाक दगडाला अडलं की मोटर मंदावते आणि जास्त वीज ओढते. ते ओळखून कंट्रोलर व्होल्टेज वाढवतो. किती वाढवायचं, हे मोटरच्या विद्युत रोधावरून ठरतं. आकडा कमी पडला तर खुर्ची घराच्या उंबऱ्याशीच अडून बसते. जास्त झाला तर हिसका देऊन पुढे उसळते. उतारावर थांबण्याचा आकडाही असाच. फार कडक ठेवला तर बसलेला माणूस पुढे फेकला जाईल, फार सैल ठेवला तर खुर्ची घसरतच राहील. मुंबईतल्या दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर जुळवलेले आकडे पाड्यावर चालतीलच असं नाही. ते तिथल्या वाटेवर, त्या माणसाला बसवूनच जुळवायला हवेत.

पण बहुतेक कंपन्यांच्या कंट्रोलरचे हे आकडे बदलायला विक्रेत्याचं सॉफ्टवेअर आणि खास जोडणी लागते. विक्रेता शहरात आणि खुर्ची गावात. कंपन्या सांगतात, हे कुलूप सुरक्षेसाठी आहे. त्यात तथ्य आहे. चुकीचा आकडा जीवावर बेतू शकतो. मात्र हे कुलूप मालकाला जेवढं अडवतं, तेवढं घुसखोराला अडवेलच याचा भरवसा नाही.

अनेक खुर्च्यांचे भाग ‘कॅन’ या तारांच्या जाळ्यावरून एकमेकांशी बोलतात. बॉश कंपनीनं 1986 साली हे तंत्र मोटारींसाठी आणलं. संदेश कुणी पाठवला याची खातरजमा मूळ कॅनमध्ये होतच नाही. तरी तारेला हात लावायला जवळ जावं लागतं. ब्लूटूथ आल्यावर तारेला हात लावायचीही गरज उरली नाही. व्हिल या जपानी कंपनीच्या दोन विद्युत खुर्च्यांना ब्लूटूथनं जोडताना ओळखच विचारली जात नव्हती. जवळपासचा कुणीही खुर्ची हलवू शकला असता, वेगाची मर्यादा ओलांडू शकला असता. अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेनं डिसेंबर 2025 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. दोष कधीकधी त्याहून खोल, म्हणजे अशा छोट्या संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असतो. 2019 साली व्हीएक्सवर्क्स या प्रणालीच्या नेटवर्क भागात 11 त्रुटी सापडल्या. ही प्रणाली कारखान्यांपासून वैद्यकीय उपकरणांपर्यंत पसरलेली. अशा वेळी दुरुस्तीचं अपडेट निघतं. ते शहापूरच्या खुर्चीपर्यंत पोहोचवणार कोण?

गुप्तलेखनतज्ज्ञ ऑग्युस्त केरखॉफ्स यांनी 1883 मध्येच मांडलं होतं की गुप्तलेखनाची यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी ती सुरक्षित राहिली पाहिजे. गुपित फक्त चावी असावी. तोच नियम इथे लावावा, असं माझं ठाम मत आहे. कंट्रोलरची माहितीपुस्तिका उघड असावी, अपडेटवर कंपनीची डिजिटल सही असावी आणि आकडे बदलण्याची चावी खुर्चीत बसणाऱ्याकडे असावी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यानं 2022 साली विद्युत व्हीलचेअरच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. 1 जानेवारी 2023 पासून तिथल्या उत्पादकांवर सुटे भाग, सॉफ्टवेअर, साधनं आणि माहिती मालकाला व स्वतंत्र कारागिराला देण्याचं बंधन आलं. सुरक्षा आणि दुरुस्ती एकत्र नांदू शकतात.

आपल्याकडे ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून किंवा पदरच्या पैशांनी विद्युत खुर्ची घेणार असाल, तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी घ्या: भरलेल्या आकड्यांची प्रत, गावात येऊन ते जुळवून देण्याची हमी, सॉफ्टवेअरची अपडेट किती वर्षं मिळतील याचा खुलासा आणि ब्लूटूथ असेल तर ते बंद करण्याची सोय.