बालगंधर्व रंगमंदिर: पाडायचं की राखायचं?

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावरचं बालगंधर्व रंगमंदिर कुण्या खासगी मालकाचं नाही, पुणे महानगरपालिकेचं आहे. त्यामुळे त्याच्या भवितव्याचा वाद नाटकवाल्यांइतकाच पालिकेतही रंगतो.

८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते इथे कोनशिला बसली. ज्याचं नाव द्यायचं त्याच्याच हातून पायाभरणी, असं भाग्य किती वास्तूंना लाभतं? उद्घाटन मात्र त्यांना पाहता आलं नाही. १५ जुलै १९६७ ला ते गेले आणि २६ जून १९६८ ला रंगमंदिर खुलं झालं. उभारणीत पु. ल. देशपांडे यांचा मोठा वाटा होता. आत चित्रकार गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं. नाटकाला गेलात तर मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत शिरण्याआधी ती बघा!

२०१८ मध्ये पालिकेच्या अंदाजपत्रकात पुनर्विकासाची कल्पना आली आणि ठिणगी पडली. पुढे एकाऐवजी तीन नाट्यगृहांचा आराखडा मांडला गेला. पार्किंग अपुरं, सोयी जुन्या, हे समर्थकांचं म्हणणं. विरोधक म्हणतात, दुरुस्ती करा, पाडू नका.

मला दुसरी बाजू पटते. स्वच्छतागृहं, ध्वनियंत्रणा, वातानुकूलन सुधारायला अख्खी इमारत जमीनदोस्त करायची गरज नाही. शिवाय पाडकाम सुरू झालं, तर नवी वास्तू उभी राहीपर्यंत शनिवार-रविवारचे प्रयोग कुठे लावायचे, याचं उत्तर पालिकेनं आधी द्यावं.