न मरणारी साखळी

रसायनशास्त्रज्ञ सॅम वाइसमन यांच्या दृष्टीने स्टायरीन ही निव्वळ कटकट होती. सोडियम आणि नॅप्थॅलिन यांच्या हिरव्या द्रावणातला इलेक्ट्रॉन दुसऱ्या रेणूवर कसा उडी मारतो, हा त्यांचा अभ्यासविषय. स्टायरीनवर काही करता येत नाही, त्याचा लगेच पॉलिमर होतो, असं त्यांनी गप्पांच्या ओघात मायकेल श्वार्त्स यांना सांगितलं. पोलंडमध्ये जन्मलेल्या, जेरुसलेम आणि मँचेस्टरमार्गे अमेरिकेतल्या सिराक्यूजला पोहोचलेल्या श्वार्त्स यांना मात्र नेमकं तेच हवं होतं.

हवा आणि ओलावा काढून टाकलेल्या काचेच्या भांड्यात हिरव्या द्रावणावर स्टायरीन सोडताच रंग गडद लाल झाला. स्टायरीन संपलं, पण लाली ओसरली नाही. ते पुन्हा घातल्यावर द्रावण आणखी घट्ट झालं. आधीच्या साखळ्याच पुढे वाढल्या होत्या. १९५६ साली श्वार्त्स, मोशे लेव्ही आणि राल्फ मिल्कोविच यांनी हे प्रसिद्ध केलं, तेव्हा या साखळ्यांना ‘जिवंत पॉलिमर’ म्हटलं गेलं.

नेहमीच्या मुक्तमूलक पद्धतीत दोन वाढती टोकं भेटली की जुळतात आणि दोन्ही साखळ्या संपतात. इथे प्रत्येक टोकावर ऋणभार असतो, म्हणून टोकं एकमेकांशी जुळत नाहीत. पंगतीला सगळे एकदम बसले आणि वाढपी कुणालाच चुकवत नसेल, तर ताटांत फार फरक पडत नाही. तसंच साखळ्यांच्या लांबीचं. हिशेबही सरळ आहे. १०० ग्रॅम स्टायरीनला साखळ्या सुरू करायला एक मिलिमोल ब्युटिललिथियम दिलं, ज्याचा प्रत्येक रेणू एक साखळी सुरू करतो, की प्रत्येक साखळीचा रेणुभार सुमारे १ लाख.

पण हाच हिशेब उलटा वाचला की धडकी भरते. १८ मिलिग्रॅम पाणी, म्हणजे तेवढंच एक मिलिमोल, एका थेंबापेक्षाही कमी, त्या सगळ्या साखळ्या मारायला पुरेसं आहे. म्हणून या क्षेत्रात रसायनशास्त्राइतकंच काचकामही यावं लागतं: निर्वात नळ्या, आतून फोडायचे काचेचे पडदे, पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन केलेले द्रावक. शोधाचं श्रेय कल्पनेला मिळतं. मला त्यातला निम्मा वाटा त्या कोरड्या काचेचा वाटतो.

जिवंत टोकाची खरी कमाई म्हणजे मधेच एकवारिक (मोनोमर) बदलता येणं. आधी स्टायरीन, मग ब्युटाडाईन, शेवटी पुन्हा स्टायरीन: म्हणजेच एसबीएस. मिल्कोविच पुढे शेल कंपनीत गेले आणि १९६०च्या दशकात तिथून अशाच साखळ्यांचं ‘क्रॅटॉन’ रबर बाजारात आलं. दोन्ही टोकांचे पॉलिस्टायरीनचे भाग एकत्र गोळा होऊन टणक गाठी बनतात आणि मधल्या रबराला धरून ठेवतात. गंधक घालून पक्कं करायची गरज नाही. तापवलं की गाठी सैल होतात आणि पुन्हा साच्यात ओतता येतं. बुटांचे तळवे, चिकटपट्ट्यांचा गोंद, आणि हमरस्त्यांच्या डांबरात मिसळलेलं एसबीएस, ज्यामुळे डांबर उन्हात कमी पाघळतं नि थंडीत कमी तडकतं, हे सगळं या घराण्यातलं.

मेथाक्रिलेट या एकवारिकाशी मात्र या पद्धतीचं सहज जमत नाही. ऋणटोक वाढायचं सोडून त्याच्या एस्टर गटावरच हल्ला करतं, म्हणून तापमान उणे ७८ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, आणि एवढी थंडी कारखान्याला परवडत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत स्वामिनाथन शिवराम यांच्या गटाने १९९०च्या दशकात यावर काम केलं. लिथियम परक्लोरेटसारखं साधं मीठ सोबत असलं तर हे ऋणटोक बरंच आवरतं, असं त्यांना दिसलं.