वर्गाबाहेरचा कथेचा तास

कथाकार नागनाथ कोत्तापल्ले यांचा जन्म नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडचा, २९ मार्च १९४८चा. हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस ॲक्शनला अजून सहा महिने होते, मुलूख निजामाचा होता आणि रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. बिलोलीकरांना मुखेड हे शेजारचे गाव. औरंगाबाद मात्र तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली तिथे निघाले आणि बिलोली, देगलूर, मुखेड या तेलंगणाला खेटून असलेल्या पट्ट्यातल्या पोरांची उच्च शिक्षणाची वाट तिकडे वळली. नांदेडला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १७ सप्टेंबर १९९४ उजाडावा लागला. तोवर मुखेडचा हा मुलगा औरंगाबादच्या मराठी विभागात शिकवून पिकला होता.

त्यांची नोकरीची वाट सरळ दिसते. १९७१पासून बीडच्या बलभीम महाविद्यालयात अधिव्याख्याता, १९७७पासून मराठवाडा विद्यापीठ, १९९६पासून पुणे विद्यापीठ आणि २००५ साली पुन्हा औरंगाबादला, या वेळी कुलगुरू म्हणून. पीएच.डी.चा विषय शरच्चंद्र मुक्तिबोध. लेखनाची वाट मात्र दुसऱ्याच शिवारातून गेली. ‘मूड्स’ हा कवितासंग्रह, मग ‘कर्फ्यू आणि इतर कथा’, ‘राजधानी’, ‘मध्यरात्र’ आणि ‘गांधारीचे डोळे’ अशी कथा-कादंबऱ्यांची रांग. जानेवारी २०१३मध्ये चिपळूणच्या ८६व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात गेले.

आता प्रश्न असा, की एवढी वर्षे विद्यापीठात राहिलेल्या या कथाकाराने वर्गात काय शिकवले? एम.ए. मराठीचा आपला जुना साचा ठाऊक असलेल्याला उत्तर शोधावे लागत नाही. साहित्यशास्त्र, समीक्षा, वाङ्मयेतिहास, भाषाविज्ञान आणि एखादा नेमलेला लेखक. कथेचे घटक सांगा, कथानक आणि व्यक्तिचित्रण यांवर टीप लिहा. कथा लिहून आणा, असे त्या साच्यात कोणी म्हणत नसे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९३६ साली लेखकांची कार्यशाळाच काढली, तिथे कथा-कविता लिहून पदवी मिळू लागली. त्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात सत्तरच्या दशकात आपले दिलीप चित्रे राहून आले. इकडे आपण कथाकाराला विद्यापीठात पगार दिला तो कथेचा नव्हे, कथेवरच्या व्याख्यानांचा.

हे काही एकट्या कोत्तापल्ल्यांचे नाही. त्यांच्याच काळात, त्यांच्याच विद्यापीठात भालचंद्र नेमाडे इंग्रजी शिकवत होते. त्यांच्या कादंबऱ्यांपैकी ‘बिढार’ १९७५ची, ‘जरीला’ १९७७ची, ‘झूल’ १९७९ची. नेमाड्यांचा चांगदेव पाटील स्वतः महाविद्यालयातला मास्तर. गाव बदलतो, कॉलेज बदलतो, स्टाफरूममधले राजकारण मुकाट पाहतो. मराठी प्राध्यापकाच्या नोकरीचे इतके बारीक चित्र दुसरीकडे मिळणार नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. रंगनाथ पठारे संगमनेरला चक्क भौतिकशास्त्र शिकवत. या पंगतीत विलास सारंग वेगळे उठून दिसतात. मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे विभागप्रमुख राहिलेल्या या कथाकाराने ‘सर्जनशोध आणि लिहिता लेखक’ असे पुस्तकच लिहिले. लिहिण्याच्या कामाकडे कारागिराच्या नजरेने बघणारी पुस्तके मराठीत बोटांवर मोजण्याइतकी, त्यातले हे एक. ते किती विभागांच्या ग्रंथालयांत वाचले गेले असेल, याबद्दल मला शंका आहे.

मग मराठीत लिहायला कोण शिकवत होते? माझ्या मते प्रस्तावना शिकवत होत्या. याचा सर्वांत मोठा नमुना नांदेडचाच आहे. नरहर कुरुंदकर पीपल्स कॉलेजात शिकवत. रणजित देसाई शिवाजी महाराजांवर कादंबरी लिहायला निघाले तेव्हा कुरुंदकरांनी त्यांना लांबलचक पत्र लिहिले आणि तेच ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जोडले गेले. पुराव्यात काय बसते, दंतकथा कुठे सुरू होते, नायकाला देव केला की माणूस कसा हरवतो, हे एक मास्तर एका कादंबरीकाराला मोकळेपणाने सांगतो आहे. कादंबरीकार सगळे ऐकतो असेही नाही. याहून वेगळी कार्यशाळा ती कोणती?

दुसरी शाळा ग्रामीण साहित्याच्या चळवळीची. आनंद यादव, रा. रं. बोराडे आणि कोत्तापल्ले, तिघेही कथाकार आणि तिघेही मास्तर. बोराडे लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. १९७१ची त्यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी गावातल्या शिंप्याच्या घराची वाताहत त्या घरच्या बाईच्या तोंडून, मराठवाडी बोलीत सांगते. पुढे ते प्राचार्य झाले. मेळावे, शिबिरे, गावोगावची संमेलने यांतून तालुक्याच्या पोराला पहिल्यांदा कळले, की आपल्या आजीची भाषा छापता येते. कोत्तापल्ल्यांनी ‘ग्रामीण साहित्य : स्वरूप आणि शोध’ लिहून या सगळ्याला विचारांची चौकट दिली आणि ‘नवकथाकार शंकर पाटील’मध्ये एका कथाकाराने दुसऱ्याची कथा उसवून दाखवली. हे दुसरे पुस्तक मला जास्त कामाचे वाटते. चौकटीतून नवशिक्याला काय लिहावे ते कळते. कसे लिहावे ते उसवलेल्या कथेतूनच कळते.

कोत्तापल्ल्यांना पदांची किंमतही मोजावी लागली, हे लपवण्यात अर्थ नाही. विभागप्रमुख, कुलगुरू, राज्याच्या भाषा सल्लागार समितीचे अध्यक्ष, संमेलनाध्यक्ष. अशा खुर्च्यांवर बसून भाषेचे धोरण लिहिता येते, कादंबरी लिहिणे अवघड जाते. कोत्तापल्ल्यांच्या पुस्तकांच्या यादीत समीक्षेने कथेला मागे टाकले. विद्यापीठांनी कथाकारांना मान भरपूर दिला. त्यांना मोकळा वेळ द्यावा आणि नवी पोरे त्यांच्यापुढे बसवावीत, हे फारसे कोणाला सुचले नाही.

अलीकडे ठिकठिकाणच्या अभ्यासक्रमांत ‘सर्जनशील लेखन’ हे शब्द दिसू लागले आहेत. चांगले आहे. पण त्या पेपरातही कथेची व्याख्याच विचारली जाणार असेल, तर जुना साचा काय वाईट होता? तीन तासांच्या परीक्षेऐवजी तीन खर्डे मागा. शिकवायला कथा लिहिणाराच आणा, मग त्याच्याकडे नेट-सेट असो वा नसो.

आणि बिलोली, कुंडलवाडी, देगलूर, मुखेडकडच्या प्राध्यापकांना एक विनंती. कॉलेजच्या कपाटात जुन्या वार्षिकांकांचे गठ्ठे असतील तर रद्दीत घालू नका. या भागातल्या पोरांनी पहिली कथा कोणाच्या सांगण्यावरून लिहिली, याचा लेखी पुरावा आज फक्त तिथेच सापडू शकतो.