शहरातील बालकांचे आरोग्य : दवाखाना जवळ, पण लस दूर

शहरात आरोग्याच्या सोयी हाताशी असतात आणि खेड्यात त्या नसतात, असा आपला सर्वसाधारण समज आहे. मुंबईसारख्या शहरात महापालिकेची मोठी रुग्णालये आहेत, प्रसूतिगृहे आहेत, वस्तीच्या तोंडाशीच खासगी डॉक्टरांच्या पाट्या आहेत. तेव्हा शहरातील बालक खेड्यातील बालकापेक्षा सुरक्षित असले पाहिजे. पुष्कळ बाबतीत ते आहेही. परंतु लसीकरणाच्या बाबतीत हा समज तपासून पाहावा लागतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात एक ते दोन वर्षे वयाच्या बालकांपैकी सर्व मूलभूत लसी पूर्ण झालेली बालके ग्रामीण भागात शेकडा ७६.८ होती, तर शहरी भागात ७५.५. फरक थोडा आहे, पण २०१५-१६ च्या पाहणीत शहरे पुढे होती, हे लक्षात घेतले म्हणजे तो विचार करायला लावतो. दवाखाना जवळ असूनही लस दूर का राहते, हे गोवर या एका रोगाच्या आधारे आपण पाहू.

२०२२ साली मुंबईत काय घडले

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी भागात गोवराने बालके दगावली. नोव्हेंबरमध्ये शहराच्या इतर भागांतही रुग्ण सापडू लागले. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात गोवराच्या मुलांसाठी स्वतंत्र कक्ष उघडावा लागला. त्याच काळात भिवंडी आणि मालेगाव येथेही साथ होती.

गोवंडी हा भाग महापालिकेच्या एम पूर्व विभागात येतो. देवनारची कचराभूमी याच विभागात आहे. महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात हा विभाग शहरात तळाशी होता. एकाला एक लागून खोल्या, अपुरे पाणी, हातावर पोट असलेली कुटुंबे, अशी तेथील स्थिती आहे. साथ नेमकी अशा वस्तीत सुरू व्हावी हा योगायोग नव्हे. आणि गोवरावर उपाय नव्हता असेही नाही. गोवराची लस १९६३ साली वापरात आली. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती १९८५ पासून मोफत दिली जाते.

गोवर इतका वेगाने का पसरतो

गोवराचा विषाणू हवेतून पसरतो. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही सुमारे दोन तास तो त्या हवेत राहू शकतो. अंगावर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून पुरळ दिसल्यानंतर चार दिवसांपर्यंत रोगी इतरांना रोग देऊ शकतो. म्हणजे आईला गोवर ओळखू येण्यापूर्वीच शेजारची मुले त्याच्या संपर्कात आलेली असतात. लस न घेतलेल्या वस्तीत एका रोग्यापासून १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते, असे मानले जाते. म्हणूनच गोवर रोखण्यासाठी शंभरातील किमान ९५ मुलांना लसीच्या दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात.

दोन मात्रा कशासाठी, असे विद्यार्थी विचारतात. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती बाळाच्या अंगात काही महिने टिकते आणि तोपर्यंत लस नीट लागू पडत नाही. म्हणून आपल्याकडे पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. या वयात ती शंभरातील सुमारे ८५ बालकांना संरक्षण देते. समजा एका वस्तीतील १०० मुलांपैकी ९० मुलांनी पहिली मात्रा घेतली. त्यांतील ७६-७७ मुले सुरक्षित झाली. उरलेली २३-२४ मुले उघडीच राहिली. गोवराला एवढी वाट पुरते. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिली जाणारी दुसरी मात्रा ही वाट बंद करते. आता या दोन्ही मात्रा गोवर-रुबेला या संयुक्त लसीच्या रूपात मिळतात.

कुपोषण आणि गोवर

गोवर सुदृढ बालकालाही होतो, पण बळी घेतो तो बहुधा अशक्त बालकाचा. मृत्यू प्रत्यक्ष पुरळाने होत नाही. त्यामागून येणारा न्यूमोनिया, जुलाब आणि मेंदूची सूज ही मृत्यूची कारणे असतात. गोवराने शरीरातील अ जीवनसत्त्वाचा साठा घटतो. तो आधीच अपुरा असेल तर डोळे जाण्याची भीती असते. शिवाय शरीराने पूर्वी इतर रोगांविरुद्ध मिळवलेली प्रतिकारशक्तीही गोवर पुसून टाकतो, त्यामुळे पुढे कित्येक महिने ते मूल पुन्हा पुन्हा आजारी पडते. आजारात खाणे तुटते, वजन उतरते आणि उतरलेल्या वजनावर पुढचा आजार येतो. वर सांगितलेल्या पाहणीतच महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शंभरात सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. हे ध्यानात घेतले म्हणजे गोवर हा ‘साधा बालरोग’ का नाही हे समजते.

लस चुकते कशी

आईबाप निष्काळजी आहेत, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. प्रत्यक्ष कारणे पाहावी लागतात.

पहिले कारण वेळेचे. गोवराची लस एकदा पातळ केली की चार तासांत वापरावी लागते. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी लसीकरणाचा वार ठरलेला असतो. धुणीभांडी किंवा बिगारी काम करणाऱ्या आईला त्या दिवशी रांगेत थांबायचे म्हणजे रोजावर पाणी सोडावे लागते.

दुसरे कारण पत्त्याचे. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. बाळाची नोंद आणि पहिल्या लसी गावी होतात. पुढे ती शहरात परत येते, तेव्हा गावच्या यादीतून नाव सुटते आणि शहराच्या यादीत चढत नाही. भाड्याची खोली बदलणाऱ्या कुटुंबाचेही असेच होते.

तिसरे कारण भीतीचे. लसीनंतर एक-दोन दिवस ताप आला की घरचे पुढची मात्रा टाळतात.

चौथे कारण कोरोनाचे. २०२० आणि २०२१ मध्ये नेहमीचे लसीकरण विस्कळीत झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एकट्या २०२१ मध्ये जगातील सुमारे अडीच कोटी बालकांची गोवराची पहिली मात्रा चुकली.

पाचवे कारण व्यवस्थेचे. घरोघर फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीची योजना ग्रामीण आरोग्य अभियानातून २००५ साली आली. शहरी आरोग्य अभियान २०१३ साली सुरू झाले. खेड्यात माणूस दारापर्यंत लवकर पोहोचला. शहरात इमारती होत्या, पण दारापर्यंत जाणारी माणसे कमी पडली.

आपण काय करू शकतो

हे काम शहरात होऊ शकत नाही असे नाही. पोलिओच्या मोहिमेत कार्यकर्ते घराघरावर खूण करीत. डोस पूर्ण झालेल्या घरावर ‘पी’ आणि मूल राहून गेलेल्या घरावर ‘एक्स’. ‘एक्स’ च्या घरी ते पुन्हा जात. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. राहून गेलेल्या मुलाकडे पुन्हा जाणे, हेच त्या यशाचे मर्म होते.

आपल्या सभासदांनी व विद्यार्थ्यांनी एवढे जरूर करावे :

१. आपापल्या गल्लीतील पाच वर्षांखालील मुलांची वही करावी. भाडेकरूंची आणि गावाहून आलेली मुले त्यात आधी लिहावीत.

२. प्रत्येकाचे लसीकरणाचे कार्ड पाहावे. गोवराची मात्रा राहिली असल्यास पाच वर्षांपर्यंत ती मोफत मिळते. कार्ड हरवले म्हणून कोणी घरी बसू नये, आरोग्यसेविकेला भेटावे.

३. साथीच्या काळात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जादा मात्रा दिली जाते. ती घेतली तरी पुढच्या दोन्ही मात्रा घ्याव्याच लागतात.

४. आईला कामाचा खाडा करता येत नसेल तर मूल दवाखान्यात नेण्यासाठी घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाची सोय लावावी.

५. गोवर निघाला की औषध करू नये, मुलाला उपाशी ठेवावे, हे समज घातक आहेत. उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवल्याने न्यूमोनिया थांबत नाही. मुलाला अंगावर पाजणे आणि खाणे चालू ठेवावे. डॉक्टरांकडून अ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठच्या दोन दिवशी द्याव्यात. धाप लागणे, छाती आत ओढली जाणे, झटके येणे, मूल सुस्त होणे किंवा दूध न पिणे, यांपैकी काहीही दिसल्यास तात्काळ रुग्णालय गाठावे.

यांतील एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. एक वही, रविवारची सकाळ आणि राहून गेलेल्या घरी दुसऱ्यांदा जाण्याची तयारी एवढेच लागते. रुग्णालय बांधणे शासनाच्या हाती आहे. आपल्या गल्लीतील कोणते मूल यादीबाहेर राहिले, हे मात्र गल्लीत राहणाऱ्यालाच आधी कळते. ते कळल्यावर गप्प न बसणे, हे प्रत्येक सभासदाचे काम आहे.